निकाहची कॅसेट कशात ठेवायची?

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक पिशवी असते. तिच्यात दोन-तीन व्हिडिओ कॅसेट, कव्हरवर सोनेरी अक्षरांत वधू-वरांची नावं, रबर लावून ठेवलेल्या सीडी, एखादा बंद पडलेला नोकिया आणि नखाएवढं मेमरी कार्ड. ही पिशवी कोणी टाकून देत नाही आणि कोणी उघडतही नाही. ‘आहे ना, जपून ठेवलंय’ एवढ्यावर सगळे निश्चिंत असतात. पण कॅसेट जपून ठेवणं वेगळं आणि कॅसेटमधलं जपून ठेवणं वेगळं.

आमच्या घरची पिशवी उघडली ती अब्बांच्या इंतकालनंतर दुसऱ्या वर्षी. फोटो भरपूर होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. अब्बा मोबाइल वापरायचे, पण व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यांतले नव्हते. ‘सामने आके बोलो’ म्हणायचे. आपाच्या धाकट्या मुलाने एकदा विचारलं, नानांचा आवाज कसा होता? तेव्हा आपाला आठवलं की तिच्या निकाहच्या कॅसेटमध्ये अब्बा बोलतात. इजाजत घ्यायला वकील म्हणून तेच दोन साक्षीदारांना घेऊन आतल्या खोलीत आले होते. ही १९९४ सालची गोष्ट.

लग्नात चित्रीकरण असावं की नसावं, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि आमच्या खानदानातही दोन्ही बाजूंचे लोक आहेत. त्या चर्चेत मी इथे पडत नाही. ज्या घरात ते केलंच नाही, त्यांना हा लेख लागू नाही. ज्यांच्या पिशवीत ते पडून आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आपाच्या लग्नाच्या दोन कॅसेट निघाल्या. एक सोनेरी अक्षरांची, ‘मिक्सिंग’ केलेली. त्या काळातलं मिक्सिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. बदामाच्या आकारात नवरदेव, गुलाबाच्या पाकळ्या उघडल्या की आत नवरी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. इजाजतीचा प्रसंग आला तेव्हा अब्बांचे ओठ हलताना दिसले आणि ऐकू आलं ते गाणं. आपा उठून आत गेली.

दुसऱ्या कॅसेटच्या पाठीवर अब्बांच्या हाताने उर्दूत ‘कच्ची’ लिहिलेलं होतं. शूटिंगवाल्याने लग्नाच्या दिवशी खांद्यावरच्या कॅमेऱ्यात जी भरली होती, तीच ही. तेव्हाचा रिवाज असा होता की मिक्सिंग झालं की कच्ची कॅसेट शूटिंगवाल्याकडेच राहायची आणि पुढच्या लग्नात तिच्यावरच नवीन चित्रीकरण व्हायचं. अब्बा कापडाचे व्यापारी. त्यांचा हिशेब सरळ होता, कोऱ्या कॅसेटचे पैसे मी दिलेत तर कॅसेट माझी. त्यांना आवाज जपायचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांना कॅसेटचे पैसे वाया घालवायचे नव्हते. पण त्या हट्टामुळे कच्ची कॅसेट घरी आली.

कॅसेटवर पुन्हा चित्रीकरण करण्याची ही सवय काही फक्त आपल्या शूटिंगवाल्यांची नाही. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आलेल्या मूळ सिग्नलच्या टेप नासाने नंतर शोधल्या. २००९ मध्ये निष्कर्ष निघाला तो असा की त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. टीव्हीवर दाखवलेली आवृत्ती राहिली, मूळ गेली. म्हणजे आपल्याकडे जसं मिक्सिंग राहतं आणि कच्ची जाते, तसंच.

म्हणून आधी आजच्या लग्नघरांसाठी एक गोष्ट सांगते, कारण ती उशिरा कळून उपयोग नसतो. व्हिडिओवाल्याला आगाऊ रक्कम देताना ठरवून घ्या की कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, न कापलेल्या आणि गाणी न लावलेल्या, आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून मिळाल्या पाहिजेत. आता कॅसेट नसते, कार्ड असतं, आणि पुढच्या लग्नाआधी ते कार्ड रिकामं केलं जातं. ड्रोनवरून घेतलेला मांडव आणि पावसासारख्या पडणाऱ्या पाकळ्या तुम्हाला मिळतीलच. काझीसाहेबांचा खुतबा, नवरदेवाचं ‘कबूल है’, दादीचं मधेच कोणाला तरी ओरडणं, हे सगळं मूळ फाइलीत असतं.

कच्ची कॅसेट हाती होती, पण ती चालवायची कशावर? शेवटचे व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनी २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आता आहेत ते जुनेच. शहरातल्या एका जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांनी स्वतःचा ठेवणीतला व्हीसीआर काढून दिला, हेड साफ करून दिलं आणि बजावलं की आधी टाकाऊ कॅसेट घालून बघा, मगच कामाची घाला. कॅसेट वर्षानुवर्षं पडून असली की फीत एकमेकीला चिकटते, म्हणून एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. नगर पर्जन्यछायेतलं. आपल्याकडे धूळ पुष्कळ, पण दमट हवा कमी, त्यामुळे फीत बरी राहते. रत्नागिरीच्या खालांच्या कॅसेटच्या काचेतून पाहिलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालायची नाही. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. ती साफ करणाऱ्या माणसाकडेच द्यावी.

खरं तर पहिल्यांदा आम्ही सगळंच काम बाहेर देणार होतो. एका दुकानात चौकशी केली. त्यांनी मिक्सिंगच्या कॅसेटमधला एक मिनिटाचा नमुना करून दिला, एआयने ‘एचडी’ केलेला. चित्र लखलखीत. अब्बांची दाढी केस न् केस मोजता येईल अशी. पण अम्मींनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ये कौन है?’ नमाजमुळे अब्बांच्या कपाळावर गट्टा पडलेला होता. मशीनने तो डाग समजून पुसून टाकला होता. डोळ्यांखालच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. अशा तंत्राने चित्र साफ होत नाही, अंदाजाने नवीन काढलं जातं, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. जुनी कॅसेट अंधुक असते, पण तिच्यातला माणूस तोच असतो. कोणाला हौस म्हणून असं करून घ्यायचं असेल तर घ्यावं, मात्र त्यालाच मूळ प्रत समजून कॅसेट टाकून देऊ नये.

दुसरी अडचण याहून मोठी होती. इजाजतीचा प्रसंग आतल्या खोलीतला. तिथे सगळ्या बायका, काही डोक्यावर ओढणी नसलेल्या, काही तान्ह्या बाळाला घेऊन बसलेल्या. तेव्हा घरात येईल एवढीच ती कॅसेट होती आणि किल्ली अम्मींकडे असायची. ती कॅसेट तीन दिवस परक्या दुकानात ठेवायची, तिथल्या कॉम्प्युटरवर तिची एक प्रत राहणार की जाणार हे कळायला मार्ग नाही, हे आपाला पटलं नाही. मलाही नाही. म्हणून काम घरीच करायचं ठरलं. थोरली भाची कॉम्प्युटर शिकलेली. तिने पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल वायरी जोडायचं एक छोटं यंत्र मागवलं, जे एका बाजूने व्हीसीआरला आणि दुसऱ्या बाजूने लॅपटॉपला लागतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही.

आणि मग लॅपटॉपने प्रश्न विचारला, फाइल कशात सेव्ह करू? समोर दहा-बारा नावांची यादी. लेख लिहायला बसले तो या यादीमुळे, कारण इथे चुकीचं बोट पडलं तर ते पुढे दुरुस्त होत नाही.

आमच्या नगरकडे ज्वारीचं उदाहरण लवकर समजतं. ज्वारी पोत्यात ठेवा, कणगीत ठेवा नाहीतर पत्र्याच्या कोठीत ठेवा, ते झालं भांडं. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही सगळी भांड्यांची नावं. भांड्याच्या आत अख्खी ज्वारी आहे, कण्या आहेत की पीठ आहे, हा निराळा प्रश्न. त्याला कोडेक म्हणतात, म्हणजे चित्र किती आणि कोणत्या पद्धतीने दाबून भरलं आहे ते. म्हणूनच शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन एव्हीआय फाइलींपैकी एक मोबाइलवर उघडते आणि दुसरी उघडत नाही. भांडं सारखं, आतला माल वेगळा.

आता मुद्दा असा की ज्वारीचं पीठ होतं, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. व्हिडिओ दाबून लहान करताना डोळ्याला सहज जाणवणार नाही असा तपशील कायमचा काढून टाकला जातो. एकदा काढला तर चालतं. पण ती लहान फाइल पुन्हा दुसऱ्या पद्धतीत बदलली, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, तिथून कोणी स्टेटसला लावली, की प्रत्येक वेळी पीठ पुन्हा दळलं जातं. शेवटी चेहऱ्याच्या जागी चौकोन राहतात.

कॅसेटमधलं चित्र काहीही न दाबता घेतलं तर तासाला साधारण ७५ जीबी जागा लागते. एवढं कोणी ठेवत नाही. मधला मार्ग आहे. एफएफव्ही१ नावाचा एक कोडेक आहे, जो दाबतो पण काही फेकत नाही, धान्य हलवून हलवून पोत्यात घट्ट बसवावं तसा. उघडल्यावर दाणा न् दाणा परत मिळतो. तो कोणा कंपनीच्या मालकीचा नाही, त्याची रचना २०२१ मध्ये खुल्या मानकात प्रसिद्ध झालेली आहे, आणि चित्रपट-व्हिडिओ जतन करणाऱ्या मोठ्या संस्थाही तो वापरतात. भांडं एमकेव्ही. आमच्या तीन तासांच्या कच्च्या कॅसेटला नव्वदेक जीबी लागले. ही झाली बियाण्याची ज्वारी. ती रोज खायची नाही, कोठीत ठेवून द्यायची.

रोजच्या पाहण्यासाठी त्याच फाइलीपासून दुसरी केली. एमपी४ भांडं, आत एच.२६४ कोडेक. तीन तासांचे सहा जीबी. ती घरातल्या प्रत्येक मोबाइलवर, टीव्हीच्या पेनड्राइव्हवर आणि भाईजानच्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर उघडते. ती करताना एक खूण टाकावी लागली. कॅसेटचं चित्र एक आड एक ओळीने दोनदा रंगवलेलं असतं, जुन्या टीव्हीला ते चालायचं. मोबाइलवर मात्र कोणी हात हलवला की कंगव्याचे दात दिसतात. पाहायच्या प्रतीत ते दात काढून टाकायचे (त्याला डीइंटरलेस म्हणतात), बियाण्याच्या प्रतीत तसेच राहू द्यायचे.

भाईजान मात्र हटून बसले. नव्वद जीबी कशाला? तीस वर्षांपूर्वीचं ते चित्र, आधीच धूसर, त्यात असं काय आहे? आणि एमपी४ सुद्धा एच.२६५ मध्ये करा, निम्म्या जागेत बसेल. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. एच.२६५ मध्ये त्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत मावतं, आणि आयफोन २०१७ पासून त्यातच चित्रीकरण करू शकतात. आजच्या मोबाइलवर घेतलेल्या फाइली त्यात असतील तर त्या आहेत तशाच ठेवाव्यात, हे मीही म्हणते. पण सहा जीबीचे तीन करण्यासाठी जुन्या टीव्ही-लॅपटॉपवर न उघडण्याचा धोका घ्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही. जागा वाचवायची तर मुलांनी काढलेले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आधी काढा. वलीम्यातल्या एका देगेच्या खर्चात आता दोन हार्ड डिस्क येतात.

आणि नव्वद जीबी का, तर उद्या एच.२६४ ही जुना होईल. तेव्हा आपाच्या नातवंडांना कुठल्यातरी नव्या पद्धतीत प्रत करावी लागेल. ती प्रत ज्वारीपासून करायची की दोनदा दळलेल्या पिठापासून, एवढाच प्रश्न आहे. घरातल्या सगळ्याच चित्रीकरणासाठी मी हे म्हणणार नाही. आमच्या सात कॅसेटींपैकी तीन अशा निघाल्या की ज्यात टीव्हीवरच्या मालिका आणि क्रिकेटचे सामने भरलेले होते. त्यांच्यासाठी अर्धा जीबीसुद्धा जास्त.

याच वादात एक छोटी गोष्ट घडली. भाचीने कॅसेटच्या पाठीवर बोट ठेवून विचारलं, ‘मौसी, इथे काय लिहिलंय?’ ‘कच्ची’ हा शब्द तिला वाचता येत नव्हता. तिची शाळा मराठी माध्यमाची, कुरआन ती अरबीत वाचते, पण हाताने लिहिलेलं शिकस्त वळणाचं उर्दू तिला लागत नाही. शब्द समोर होता, शाई फिकी झालेली नव्हती, कागद फाटलेला नव्हता. तरी तो तिच्यासाठी बंद होता.

लिपी हाही एक फॉरमॅटच आहे, हे माझ्या मनात तेव्हापासून बसलं. पणजोबांच्या जमिनीचा एक कागद आमच्याकडे मोडीत आहे. तो वाचायला जाणकार शोधावा लागला. आमच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून मौलाना आझाद कैदेत होते. ‘गुबारे-खातिर’मधली बहुतेक पत्रं तिथेच लिहिलेली. तेव्हा ती टपालात पडू शकली नाहीत, पण कागद राहिले आणि १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. ज्या शहरात ती लिहिली गेली, त्या शहरातली आमची मुलं ती मूळ लिपीत वाचू शकत नाहीत, त्यांना अनुवाद लागतो. हे दुःख म्हणून सांगत नाही. ही मुलं मराठी उत्तम लिहितात आणि आपलं हे मासिकही मराठीच आहे. सांगायचं एवढंच की वस्तू शाबूत राहून उपयोग नाही, ती उघडणारे लोक आणि साधनं राहिली पाहिजेत. म्हणून फॉरमॅट निवडताना सर्वांत नवा किंवा सर्वांत भारी बघू नये. जो सगळ्यात जास्त लोकांकडे उघडतो आणि ज्याची रचना खुली आहे, तो घ्यावा.

एकेकाळी इंटरनेटवर सगळीकडे असलेल्या फ्लॅश व्हिडिओचा आधार त्याच्याच कंपनीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला. त्यातलं काही तुमच्याकडे असेल, किंवा डब्ल्यूएमव्ही, आरएम अशा शेवटाच्या फाइली असतील, तर त्या अजून व्हीएलसी या मोफत प्रोग्राममध्ये उघडतात. उघडताहेत तोवर त्यांची एमपी४ प्रत करून ठेवा. मूळ फाइल मात्र पुसू नका.

सीडी-डीव्हीडीचं काम तुलनेने सोपं निघालं. भाईजानच्या लग्नाच्या २००४ सालच्या तीन व्हीसीडी होत्या. व्हीसीडीत चित्र फार लहान असतं, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर मावतो, म्हणून लग्न तीन तुकड्यांत. आतली फाइल डॅट नावाची असते. ती आहे तशी उतरवून घेतली. डीव्हीडीचं सगळं फोल्डर तसंच उचललं. यांचं पीठ आधीच झालेलं आहे, पुन्हा दळून ते बारीक होईल, चांगलं होणार नाही. फार तर भांडं बदलता येतं. न दळता एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याची सोय मोफत प्रोग्राममध्ये असते आणि त्यात चित्राचं काही बिघडत नाही. घाई इथे वेगळ्या कारणासाठी करायला हवी. घरी लिहिलेल्या तबकड्यांत रंगाचा एक थर असतो, तो वर्षांनुसार आणि उन्हाने खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपना तबकडी घालायची जागाच नसते.

मोबाइलबद्दल दोनच शब्द. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. इदच्या दिवशी ज्याने काढला त्याच्याकडून असाच मागून घ्यावा, ग्रुपवरून उतरवून नव्हे. आणि बंद पडलेल्या नोकियातून आम्हाला दादीची एक थ्रीजीपी फाइल मिळाली, ४० सेकंदांची. चित्र १७६ बाय १४४, काडेपेटीएवढं. दादी कोणाला तरी पुरणपोळीच्या आमटीत काय घालायचं ते दखनीत सांगते आहे, आणि मधेच ‘हौ, वइच’ म्हणते. थ्रीजीपी तशीच ठेवली, शेजारी एमपी४ केली. मोठी करून काही फायदा नव्हता.

आता प्रतींचं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. लोकांनी गर्दी करून पाहिला. आज त्याची एकही प्रत कुठे नाही, काही फोटो आणि पोस्टर उरली आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये, तोवर उशीर झाला होता. एवढ्या गाजलेल्या सिनेमाची ही गत, तर आपल्या एकुलत्या एका पेनड्राइव्हचं काय! पेनड्राइव्ह तर पाच-सात वर्षं नुसता पडून राहिला तरी दगा देऊ शकतो.

जतन कसं करावं हे आपल्याला नवीन शिकवायला नको. कुरआन शरीफ हाफिजांच्या सीन्यात राहिलं आणि लिखित स्वरूपातही राहिलं. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मुसहफच्या प्रती करून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या गेल्या. त्या पवित्र कामाशी आपल्या घरगुती व्हिडिओंची बरोबरी करण्याचा हेतू अर्थातच नाही. पण एकाच जागी, एकाच प्रकारे ठेवायचं नाही, ही समज आपल्याकडे फार जुनी आहे. आमच्याकडे आता दोन हार्ड डिस्क आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एक अम्मींच्या कपाटात, दुसरी श्रीरामपूरला आपाकडे. घराला आग लागली, चोरी झाली तरी दुसरी राहील. तिसरी प्रत पुरुषांच्या बाजूच्या आणि इदच्या चित्रीकरणाची, ती भाईजाननी क्लाउडवर ठेवली आहे.

आतल्या खोलीतलं चित्रीकरण क्लाउडवर नाही आणि ग्रुपवर तर नाहीच. त्या बायकांपैकी काही आता हयात नाहीत, काहींनी नंतर फोटो काढून घेणंच सोडलं. त्या दिवशी त्यांनी चित्र घेऊ दिलं ते कॅसेट या घरात राहणार म्हणून. फॉरमॅट बदलला म्हणून ती अट बदलत नाही, ती अमानत आहे. तो भाग वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. भाची म्हणत होती की पासवर्ड घालू. आम्ही घातला नाही. पासवर्ड लक्षात असलेलं माणूस गेलं की फाइल कोणालाच उघडत नाही, आणि आमच्या घरात पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. कपाटाचं कुलूप पुरेसं आहे. ज्यांच्या घरी ये-जा जास्त आहे, त्यांनी पासवर्ड घालून तो दोघींकडे लिहून ठेवावा.

इजाजतीचा तुकडा मात्र आपाने वेगळा काढून घेतला, फक्त आवाजाचा, चित्राशिवाय. चौदा सेकंदांचा. हॅलोजनच्या दिव्याची घरघर, कोणीतरी बायकांना गप्प करतंय, आणि मग अब्बा. नाव, मेहर आणि इजाजत आहे का, असं तीनदा विचारतात. तिसऱ्यांदा आवाज थोडा बसलेला आहे. आपाचं उत्तर नीट ऐकू येत नाही. हा तुकडा तिने भावंडांना पाठवला. धाकट्याने तो ऐकला आणि म्हणाला, ‘नाना तो अपने मामू जैसा बोलते.’ भाईजान तिथेच बसले होते. नव्वद जीबीबद्दल ते त्यानंतर काही बोललेले नाहीत, पण पटलं असंही म्हणाले नाहीत.

फाइलींना नावं देताना वर्ष आधी लिहितो, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. गावाचं नाव कॅसेटवर अहमदनगर होतं. २०२४ पासून शहर अहिल्यानगर झालं. पुढे शोधणाऱ्याला दोन्ही सापडावं म्हणून वहीत दोन्ही नावं लिहिली. हो, वहीसुद्धा केली आहे, साधी दोनशे पानी. कोणत्या फाइलीत कोण दिसतं, कितव्या मिनिटाला. अम्मी सांगतात आणि भाची मराठीत लिहिते. हे काम सगळ्यात सावकाश चाललं आहे, कारण एकेका चेहऱ्यापाशी अम्मी थांबतात. खरं तर हेच सगळ्यात आधी करायला हवं असं मला आता वाटतं. मशीन पुढेही मिळेल, चेहरे ओळखणारी माणसं मिळणार नाहीत.

शाबानमध्ये रमजानसाठी घर झाडायला काढतो तेव्हा दोन्ही डिस्क जोडून बघायच्या, चार-पाच फाइली उघडायच्या, असं ठरवलं आहे. या वर्षी उघडल्या, अलहम्दुलिल्लाह, सगळ्या उघडल्या.

एक कॅसेट अजून राहिली आहे. मोठ्या मामूंनी जेद्दाहून आणलेल्या हँडीकॅमची, आठ मिलिमीटरची, तळहातात मावेल एवढी. ती व्हीसीआरमध्ये बसत नाही. तिला तसलाच कॅमेरा लागतो, आणि मामूंचा कॅमेरा केव्हाच बिघडून गेला. वर फक्त ‘ईद’ लिहिलं आहे, कोणत्या वर्षाची ते नाही. अम्मींच्या मते त्यात दादा आहेत. ती उभी ठेवली आहे, कोरड्या जागी, रेडिओच्या स्पीकरपासून लांब. वाचकांपैकी कोणाकडे आठ मिलिमीटरचा चालू स्थितीतला हँडीकॅम असेल तर कृपया मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. आम्ही तो घेऊन जाणार नाही. तुमच्याच घरी येऊन, तुमच्या समोर कॅसेट उतरवून घेऊ.